वर स्काउटचा शर्ट, खाली किल्ट

किल्टची पिन दोन्ही एप्रनमधून टोचायची नाही, फक्त वरच्या एप्रनला लावायची. किल्ट म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा चौकडी कपडा, आणि एप्रन म्हणजे त्याचे पुढे एकावर एक येणारे दोन बिननिऱ्यांचे पदर. दोन्हीतून टोचली की मुलगा पहिल्यांदा फतकल मारून बसतो तेव्हाच कापड ताणतं आणि भोक पडतं, आणि लोकरीच्या कापडातलं भोक काही केल्या लपत नाही. हे सगळ्यात आधी लिहितेय कारण आमच्या स्काउट ग्रुपमधे नोव्हेंबरात रिमेंब्रन्स संडेची, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाची, परेड असते तेव्हा हॉलच्या दारात उभं राहून पोरांच्या पिना काढून नीट लावायचं खातं माझ्याकडे आहे. आम्ही स्कॉटलंडला राहतो, मुलगा स्काउटमधे जातो, मी पालक म्हणून मदतीला असते, आणि गेले काही महिने अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाशी फोनवर एकच विषय चाललाय, स्काउटच्या युनिफॉर्ममधे किल्ट चालतो का.

आमच्याकडे हा प्रश्नच नाही खरं तर. इंग्लंड, वेल्स वगैरे सगळीकडे स्काउटचा युनिफॉर्म एकच, स्काउट वयाच्या मुलांना म्हणजे साधारण साडेदहा ते चौदा, हिरवट-निळा शर्ट, गळ्यात ग्रुपचा स्कार्फ, खाली नेव्ही ब्लू ट्राउझर. आणि स्कॉटलंडमधे ट्राउझरच्या जागी किल्ट चालतो, हे नियमातच आहे, कुणाची खास परवानगी काढायला लागत नाही. त्यामुळे परेडला उभ्या राहिलेल्या रांगेत कंबरेच्या वर सगळे एकसारखे आणि कंबरेच्या खाली निम्मे नेव्ही ब्लू, निम्मे लाल-हिरवे-पिवळे चौकडे, एखादा काळपट हिरवा, असं सगळं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं अरे हा काय गोंधळ, युनिफॉर्म म्हणजे सगळं सारखं ना. पण दहा मिनिटं बघितलं की डोळ्यांना सवय होते, कारण नजर जाते ती शर्ट आणि स्कार्फवरच, पायांकडे कोण बघतं.

मावसभावाचं प्रकरण वेगळं आहे. तो नॉर्थ कॅरोलायनात. तिथे स्कॉटिश वंशाचे लोक पोत्याने, ग्रँडफादर माउंटनला १९५६ पासून हायलँड गेम्स, म्हणजे स्कॉटिश खेळांचा मेळा, भरतात, आणि याचा मुलगा शाळेतल्या मित्राच्या नादाने पाइप बँडमधे, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रमच्या बँडमधे, ड्रम वाजवायला लागला. बँडचा किल्ट आला घरी. आता पोरगं म्हणतं मी स्काउटच्या बक्षीस समारंभालाही हाच घालणार, वर स्काउटचा शर्ट, खाली किल्ट, स्कॉटलंडचे स्काउट घालतातच की. ट्रूपमधल्या, म्हणजे त्याच्या स्काउट तुकडीतल्या, एका लीडरने सांगितलं चालणार नाही, नियमात नाही.

"ताई, तुझ्याकडे सगळे घालतात ना, मला फोटो पाठव, मी दाखवतो त्यांना."

"अरे फोटो दाखवून काय होणार, त्यांचा नियम वेगळा आहे."

"असा कसा वेगळा, स्काउट ते स्काउटच ना?"

तर नाही. प्रत्येक देशाची संघटना आपापला युनिफॉर्म ठरवते. अमेरिकेतली बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका, जिचं नाव फेब्रुवारी २०२५ पासून स्काउटिंग अमेरिका झालंय, तिच्या नियमात स्पष्ट आहे की अधिकृत युनिफॉर्ममधे फेरबदल करायचा किंवा भर घालायचा अधिकार ट्रूपला नाही, लोकल कौन्सिललाही नाही, तो फक्त राष्ट्रीय पातळीवर. ट्रूपच्या हातात काय, तर डोक्यावर टोपी कुठली आणि गळ्यात स्कार्फ कुठला. आणि युनिफॉर्मच्या यादीत किल्ट नाही. म्हणजे कागदावर लीडरचं बरोबर आहे, हे मी भावाला आधीच सांगून टाकलं, त्याला आवडलं नाही तो भाग वेगळा.

पण मग मी विचारलं की बाकीची पोरं काय घालून येतात. तर म्हणे निम्म्या पोरांच्या अंगात खाली जीन्स असते! वर स्काउटचा शर्ट, बॅजेस, सगळं व्यवस्थित, आणि खाली जीन्स नाहीतर शाळेची कुठलीतरी खाकी पँट. तिथे हे इतकं सर्रास आहे की कंबरेपर्यंतचा युनिफॉर्म अशी पद्धतच पडलीय. आणि त्यांच्याच नियमाप्रमाणे पुढच्या रँकसाठी बोर्डासमोर बसताना मुलाकडे जेवढा युनिफॉर्म असेल तेवढा त्याने नीटनेटका घालून यावं एवढीच अपेक्षा असते, पूर्ण नाही म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. हे चांगलंच आहे, कुणाच्या घरी पैसे नसतात, कुणाची पँट आखूड झालेली असते.

आता मला सांगा, जीन्स यादीत आहे का? नाही. किल्ट यादीत आहे का? नाही. दोन्ही सारखेच नियमाबाहेर. मग जीन्सवाल्याला कुणी काही बोलत नाही आणि किल्टवाल्याला मात्र नियमाचं पान उघडून दाखवतात, हे माझ्या डोक्यात जातं. नियम मोडला म्हणून त्रास नाही होत लोकांना, दिसतं म्हणून होतो. जीन्स डोळ्यात भरत नाही, किल्ट भरतो. तसं असेल तर तसं सांगा ना सरळ, की बाबा सगळ्यांमधे एकट्याने उठून दिसू नये असं आम्हाला वाटतं. त्या म्हणण्यात तथ्य आहे, त्यावर बोलता येईल. नियमाच्या आड का लपायचं.

आणि गंमत पुढेच आहे. तो जो लीडर नाही म्हणाला ना, त्याने वुड बॅजचं, म्हणजे स्काउट लीडरांसाठीचं, ट्रेनिंग केलंय. ते केलेल्या लीडरला मण्यांची चामडी दोरी मिळते आणि एक मातकट रंगाचा स्कार्फ मिळतो, आणि त्या स्कार्फच्या मागच्या टोकावर एक छोटा चौकोनी तुकडा शिवलेला असतो. तो तुकडा टार्टनचा, म्हणजे किल्टच्या त्या ठरावीक चौकडीच्या कापडाचा, असतो! मॅक्लॅरन टार्टन. झालं असं की विल्यम डी बॉइस मॅक्लॅरन नावाचे एक गृहस्थ स्कॉटलंडमधे रोझनीथला डिस्ट्रिक्ट कमिशनर होते, त्यांनी १९१९ मधे लंडनच्या कडेला, एपिंगच्या जंगलाला लागून असलेली गिलवेल पार्कची जागा घ्यायला ७,००० पौंड दिले, ती जागा पुढे जगभरच्या स्काउट लीडरांचं ट्रेनिंगचं माहेर झाली, आणि त्यांची आठवण म्हणून त्यांच्या क्लॅनचं, म्हणजे कुळाचं, टार्टन स्कार्फवर आलं. जगातल्या कुठल्याही देशातला वुड बॅजवाला लीडर घ्या, तो टार्टन मिरवतच असतो, बऱ्याच जणांना ते काय आहे हे माहितही नसतं. भावाला सांगितलं तर तो पाच मिनिटं हसत होता. मी म्हटलं हे भांडणात वापरू नकोस, पण वेळ आलीच तर खिशात असू दे.

किल्ट आणि युनिफॉर्म यांचं नातं तसं फार जुनं आहे. कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ ला झाली, पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने उठलेले जॅकोबाइट हरले, आणि त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने कायदा केला की स्कॉटलंडमधे कुठल्याही पुरुषाने किंवा मुलाने हायलँडचा, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख घालायचा नाही. मुलाने सुद्धा, हे कायद्याच्या शब्दांतच आहे. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, परत सापडलात तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. एका कपड्यासाठी! सूट फक्त कुणाला, तर राजाच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना. म्हणजे ब्लॅक वॉचसारख्या रेजिमेंटमधे भरती झालात तर किल्ट घाला, घरी शेतावर घातलात तर आत. ही बंदी उठली १७८२ मधे. मधली पस्तीसेक वर्षं कायद्याने किल्ट घालायची सोय होती ती युनिफॉर्ममधेच. त्यामुळे किल्ट युनिफॉर्ममधे बसत नाही असं कुणी म्हणालं की मला हसूच येतं, तो तगलाच मुळी युनिफॉर्मच्या आधाराने. नंतर १८२२ मधे राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाट केला, राजेसाहेब स्वतः किल्ट घालून मिरवले (आत गुलाबीसर टाइट्स घालून, त्यावर त्या काळी व्यंगचित्रं आली), आणि मग किल्टला जी प्रतिष्ठा आली ती आली.

मुलांच्या संघटनांची सुरुवातही इथलीच म्हणा. बॉइज ब्रिगेड ग्लासगोला ४ ऑक्टोबर १८८३ ला विल्यम अलेक्झांडर स्मिथने काढली. त्याने युनिफॉर्म काय ठेवला होता? टोपी, पट्टा आणि खांद्याला अडकवायची एक पिशवी. बस. खाली आपले घरचे कपडे. कारण गरीब वस्तीतली पोरं, पूर्ण युनिफॉर्म कुठून आणणार. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. स्काउट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलला १९०४ मधे ग्लासगोला हीच मुलं बघायला मिळाली होती, मग १९०७ चा ब्राउनसी बेटावरचा कॅम्प, १९०८ चं 'स्काउटिंग फॉर बॉइज' पुस्तक, आणि पुढचं सगळं. त्यालाही युनिफॉर्ममधून हेच हवं होतं की श्रीमंताचा पोर कोण आणि कामगाराचा कोण हे रांगेत कळू नये.

आणि नेमका इथेच किल्टवरचा खरा आक्षेप आहे, जो कुणी घेत नाही. पैसा! एप्रन, निऱ्या, हाताने शिवलेला, आठ यार्ड लोकरीच्या कापडाचा किल्ट म्हणजे चारशे-पाचशे पौंडांच्या पुढची गोष्ट. पॉलिव्हिस्कोसचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा, तयार किल्ट पन्नासेक पौंडात मिळतो. दोन्ही लांबून सारखे दिसतात, पण वारा आला की फरक कळतो, स्वस्तवाला उडतो आणि जडवाला जागचा हलत नाही. मग स्पोरन म्हणजे कंबरेला पुढे लटकवायची पिशवी, लांब मोजे, मोज्यांच्या फ्लॅशेस म्हणजे रंगीत फिती, पट्टा. मुलांच्या लगेच लक्षात येतं कुणाचं काय आहे ते. स्काउटची ट्राउझर सगळ्यांची एकाच भावाची असते, तिथे ही भानगड नाही. आमच्या ग्रुपने यावर काढलेला उपाय म्हणजे हॉलच्या माळ्यावरची एक मोठी पेटी. ज्यांची मुलं मोठी झाली त्यांनी किल्ट पेटीत टाकायचा, ज्याला पाहिजे त्याने परेडपुरता घेऊन जायचा. किल्टला बाजूला दोन-तीन बकल असतात त्यामुळे कंबर थोडी कमीजास्त होते, लांबीचं मात्र काही करता येत नाही, गुडघ्याच्या मधोमध यायला पाहिजे, गुडघे टेकून बसवलं की खालची कड जमिनीपासून जरा वर राहिली पाहिजे. एक वर्ष सोडलं की पोरं उंच होतात आणि पेटीत परत उलथापालथ.

कुणाचं टार्टन कुणी घालावं यावरही लोक उगाच घाबरतात. आमच्या घरी तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला, आपलं आडनाव असं, आपला क्लॅन कुठून आणायचा. कायदा काही नाही हो याला. बॅलमोरल टार्टन तेवढं राजघराण्याचं म्हणून बाकीचे घालत नाहीत, रीत म्हणून. बाकी ब्लॅक वॉच आहे, रॉयल स्टुअर्ट आहे, हंटिंग स्टुअर्ट आहे, हे कुणीही घालतं, भाड्याच्या दुकानात तेच लटकलेले असतात. आणि स्कॉटलंड सरकारचं टार्टनचं अधिकृत रजिस्टर आहे २००९ पासून, त्यात तुम्ही नवीन टार्टन डिझाइन करून नोंदवू सुद्धा शकता, शहरांची, कंपन्यांची, फुटबॉल क्लबांची कसली कसली नोंदवलेली आहेत. आमच्या चिरंजीवांनी पेटीतला ब्लॅक वॉच उचलला कारण त्यावर चहा सांडलेला दिसत नाही. कारण पटण्यासारखं आहे.

ग्रुपमधे मुलीही आहेत, इथल्या स्काउटमधे २००७ पासून सगळीकडे मुली आहेतच, आणि त्याही पेटीतलाच किल्ट घालतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. उलट मुलगे पहिल्या वेळी जरा बुजतात, कसं बसायचं कळत नाही. बसताना मागून हात फिरवून निऱ्या खाली दाबत बसायचं असतं, आणि साडीच्या निऱ्या सांभाळणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही, त्यामुळे तो क्लास मीच घेते.

आता तो विषय. किल्टच्या आत काय घालतात. मुलांच्या बाबतीत हा विनोद मला अजिबात चालत नाही, सरळ सांगते. लग्नात दोन पेग मारलेल्या काकांनी आपापसात करायचा तो करावा. स्काउटमधे आत शॉर्ट घालायचीच, विषय संपला, आणि एखादा पाहुणा माणूस परेडनंतर चहा पिताना बारा वर्षांच्या पोराला हसत हसत विचारतो तेव्हा आमची ग्रुप लीडर, एरवी फार गोड बाई आहे, त्याच्याकडे अशी बघते की तो कप ठेवून निघून जातो.

सुरीचंही तसंच. मोज्यात खोचायची छोटी सुरी, स्गियन डू म्हणतात, ती राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगायला इथल्या कायद्यात सवलत आहे, पण कायदा चालवून घेतो म्हणून तेरा वर्षांच्या मुलाला परेडला सुरी द्यायची का? आमच्या ग्रुपमधे नाही. नुसती मूठ दिसते आणि आत प्लास्टिक, अशी नकली मिळते, ती चालते.

आणि एक गोष्ट भावाच्या मुलाला कुणीतरी सांगायलाच हवी की किल्ट सगळीकडे चालत नाही. परेड, बक्षीस समारंभ, कॅम्पमधला शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम, ठीक. ब्लेअर कासलच्या आवारात १९४६ पासून दर दोन वर्षांनी मोठा आंतरराष्ट्रीय कॅम्प भरतो, तिथे तर बघायलाच नको, बाहेरच्या देशांतले स्काउट सुद्धा किल्ट मिळवायच्या मागे असतात. पण दोरावर चढायचा हार्नेस किल्टवर बसत नाही. चुलीपाशी वाकताना मागच्या निऱ्या कुठे आहेत ते कळत नाही. भिजलेली लोकर दगडासारखी जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. आणि उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या डोंगरात मिजेस म्हणून बारीक चिलटं असतात, ती उघड्या गुडघ्यांची काय अवस्था करतात ते मी बघितलंय, पोरं रात्रभर खाजवत होती. तिथे ट्राउझरच घालावी. कॅम्पला किल्ट न्यायचाच असेल तर घडी घालायची नाही, निऱ्या मोडतात. निऱ्या जुळवून कंबरेपासून खालपर्यंत लांबच लांब ठेवून कडेने घट्ट गुंडाळायचा आणि जुन्या नायलॉनच्या स्टॉकिंगचा एक पाय कापून त्यात सरकवायचा. बॅगेत बुटांखाली दाबला तरी इस्त्रीसारखा बाहेर येतो. बँडवाल्यांची युक्ती आहे ही.

भावाकडचं सध्या असं चाललंय की ट्रूपच्या कमिटीपुढे विषय ठेवलाय. मी त्याला म्हटलं तू नियम बदला असं म्हणायला जाऊ नकोस, ते त्यांच्या हातातच नाही. एवढंच विचार की यादीत नसलेल्या कपड्यांबद्दल आपल्या ट्रूपचं धोरण काय आहे, आणि जे असेल ते जीन्सलाही लावणार का. जीन्स बंद करणार असाल तर किल्टही बंद, आमची हरकत नाही. पोराला हे पटलं, बापाला नाही, बापाला जिंकायचंय.

"ताई, ते जीन्स बंद करणार नाहीत, अर्धा ट्रूप घरी बसेल."

"मग तुझं काम झालं की."

कमिटीची मीटिंग एकदा झाली त्यात ट्रूपसाठी पैसे जमवायच्या पॉपकॉर्न विक्रीचाच हिशोब चालला, हा विषय पुढे ढकलला. तोपर्यंत पोराने शर्ट आणि पँट घालून यायचं आणि ड्रम वाजवायचा असेल त्या दिवशी बँडच्या पोशाखात, स्काउटचा शर्ट न घालता, असं ठरलंय. भावाने मला स्वस्तातला किल्ट इथून पाठवायला सांगितलाय, मी कळवलंय की आधी पोराची कंबर बेंबीच्या रेषेत मोजून पाठव, पँटचा नंबर सांगू नकोस, किल्ट पँटपेक्षा बराच वर बसतो.